आधी शहर, मग बर्फ : श्रीनगर आणि गुलमर्ग एकाच सुट्टीत

काश्मीरच्या हिवाळी सहलीचा विषय निघाला की मराठी घरांत एक प्रश्न हमखास येतो : गुलमर्गला एक दिवस पुरतो ना? श्रीनगरला मुक्काम, सकाळी गाडीने गुलमर्ग, गोंडोला म्हणजे तिथली केबल कार, बर्फात लोळणं, फोटो आणि संध्याकाळी परत. बहुतेक सहलींचा कार्यक्रम असाच छापलेला असतो. बर्फ बघायचा असेल तर तो पुरतोही. पण मुलं स्कीवर उभी राहावीत, घसरावीत, पडावीत आणि निदान एक उतार न पडता खाली यावीत असं वाटत असेल, तर एक दिवस अजिबात पुरत नाही. आणि श्रीनगर म्हणजे दल सरोवर, शिकारा आणि दोन बागा एवढंच धरलं, तर हजार वर्षांहून जुनं शहर शेजारून निघून जातं.

या प्रकरणात दोन्ही गोष्टी एकत्र कशा बसवायच्या ते पाहू. त्या बसतात, कारण मुळात त्या वेगळ्या नाहीतच. गुलमर्गला जो बर्फ पडतो, त्याच बर्फाशी जुळवून घेत श्रीनगरची छपरं, भिंती, कपडे आणि जेवण घडलं आहे. वर बर्फ अंगावर घेतल्यावर खालचं शहर अधिक कळतं.

१. उंचीचा हिशेब

आधी तीन आकडे लक्षात ठेवा. श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे 1,585 मीटरवर आहे. गुलमर्गचं पठार सुमारे 2,650 मीटरवर. आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा जिथे संपतो ती अफरवट डोंगरावरची जागा सुमारे 3,950 मीटरवर. आपलं कळसूबाई शिखर 1,646 मीटर उंच आहे. म्हणजे श्रीनगरच्या बाजारात भाजी घेणारा माणूस जवळजवळ कळसूबाईच्या माथ्यावर उभा असतो. स्कीचा पहिला धडा मिळतो तो त्याच्याही हजार मीटर वर.

उंची वाढली की दोन गोष्टी कमी होतात : तापमान आणि हवेचा दाब. तापमानाचा ढोबळ नियम असा की दर हजार मीटरला साडेसहा अंश उतरतं. श्रीनगरला दुपारी 8 अंश असतील, तर गुलमर्गला साधारण 1 अंश आणि अफरवटला उणे 7. हा हिशेब दिवसाचा. रात्री थंड, जड हवा दरीत उतरून बसते, त्यामुळे श्रीनगरची पहाट या नियमाने सांगितली असती त्याहून बरीच गार निघते. ‘श्रीनगर खाली आहे, तिथे स्वेटर पुरेल’ असं समजणारे पहिल्याच सकाळी हॉटेलच्या खोलीत ब्लँकेट पांघरून चहा पितात.

दाबाचं गणित शरीराला जास्त जाणवतं. समुद्रसपाटीच्या तुलनेत श्रीनगरला हवेचा दाब सुमारे 83 टक्के, गुलमर्गला 72 टक्के आणि अफरवटला जेमतेम 61 टक्के असतो. हवेतला प्राणवायूचा वाटा सगळीकडे सारखाच, पण दाब कमी म्हणून प्रत्येक श्वासात तो कमी येतो. मुंबईहून सकाळच्या विमानाने निघून संध्याकाळी गुलमर्गच्या हॉटेलात झोपलेल्या माणसाच्या शरीराला एका दिवसात 28 टक्क्यांची तूट सोसावी लागते. डोकं जड होणं, झोप न लागणं, मुलांची किरकिर, भूक मंदावणं हे सगळं त्यातून येतं. बहुतेकांना एवढंच होतं आणि ते एक-दोन दिवसांत जातं. तरी सुट्टीतला पहिला स्कीचा दिवस डोकेदुखीत घालवायचा कशाला?

म्हणून क्रम ठरतो. आधी श्रीनगरला दोन रात्री, मग गुलमर्ग. पहिल्या दोन दिवसांत शहर पायी बघायचं, पाणी भरपूर प्यायचं, शरीराला सवय होऊ द्यायची. सोबत आजी-आजोबा असतील आणि त्यांना हृदयाचा, फुप्फुसाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल, तर अफरवटच्या टप्प्याविषयी घरच्या डॉक्टरांशी निघण्यापूर्वीच बोलून घ्या. वर पोचून निर्णय घेऊ म्हटलं, की रांगेत उभं राहिल्यावर कुणी माघार घेत नाही.

२. बर्फ येतो कुठून, आणि कधी

महाराष्ट्रात पाऊस नैर्ऋत्येकडून येतो. काश्मीरचा हिवाळी बर्फ पश्चिमेकडून येतो. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या पट्ट्यात तयार होणाऱ्या हवेच्या प्रणाली इराण, अफगाणिस्तान ओलांडत पूर्वेकडे सरकतात. त्यांना पश्चिमी झंझावात म्हणतात. पीर पंजालच्या रांगेला त्या आदळल्या, की बाष्प वर चढतं, गार होतं आणि बर्फ होऊन पडतं. गुलमर्ग याच रांगेच्या काश्मीर खोऱ्याकडच्या उतारावर आहे, म्हणून तिथे बर्फ भरपूर. झंझावात पुढे सरकल्यावर उत्तरेकडचे गार वारे खाली उतरतात आणि निफाडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, त्यामागेही बहुधा हीच साखळी असते.

काश्मिरी लोक हिवाळ्याचे तीन भाग करतात. 21 डिसेंबरपासून चाळीस दिवस ‘चिल्लई कलां’, सर्वांत कडक. मग वीस दिवसांचा ‘चिल्लई खुर्द’, आणि शेवटी दहा दिवसांचा ‘चिल्लई बच्चा’. स्कीसाठी चिल्लई कलांचा उत्तरार्ध आणि चिल्लई खुर्द हा काळ सहसा सर्वांत भरवशाचा, म्हणजे जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य.

इथे मराठी घरांची अडचण होते. शाळांना सुट्टी नाताळात, आणि नाताळात बर्फाची खात्री नाही. फेब्रुवारीत बर्फ असतो, पण घरात दहावी-बारावीचं कोणी असेल तर फेब्रुवारीचं नावही काढायचं नाही. यावर सोपा तोडगा नाही. माझं मत विचाराल तर मुलं पाचवी-सहावीपर्यंत असतील तेव्हा शाळा आठवडाभर बुडवून जानेवारीच्या शेवटी जावं. 26 जानेवारीची सुट्टी मदतीला येते. नाताळातच जायचं असेल, तर दिवसांची वाटणी शहराकडे झुकवा आणि गुलमर्गचे दिवस शेवटी ठेवा.

आणि खात्री फेब्रुवारीतही पूर्ण नसते, हे अलीकडच्या हिवाळ्यांनी दाखवून दिलं आहे. 2024 चा जानेवारी जवळपास कोरडा गेला. गुलमर्गचं पठार ऐन चिल्लई कलांमध्ये तपकिरी दिसत होतं. 2025 मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला. ज्याने सगळी सुट्टी फक्त स्कीवर लावली, त्याला अशा वर्षी काहीच उरत नाही. ज्याच्या यादीत जुनं शहर आहे, त्याचा निम्मा ऐवज शाबूत राहतो.

ट्यूलिप आणि स्की दोन्ही एका फेरीत साधण्याचा मोह काहींना होतो. श्रीनगरची ट्यूलिप बाग साधारण मार्चच्या उत्तरार्धात उघडते. तेव्हा अफरवटच्या वरच्या उतारांवर बर्फ असतो, पण नवशिक्यांच्या पठारावरचा बर्फ दुपारपर्यंत भिजून लगदा झालेला असतो. शिकणाऱ्यांसाठी ही वेळ नाही.

३. स्की : पहिले तीन दिवस

गुलमर्गला स्की रुजवली ब्रिटिश अधिकाऱ्यांनी. 1927 मध्ये इथे स्की क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला. आज केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था इथे अभ्यासक्रम चालवते. ते घरच्या छोट्या सुट्टीपेक्षा लांब असतात, पण महाविद्यालयीन मुलांनी जरूर विचार करावा. चार-पाच दिवसांसाठी आलेल्या कुटुंबाने स्थानिक प्रशिक्षक घ्यावा आणि साहित्य भाड्याने घ्यावं. प्रशिक्षकाकडे परवाना आहे का, एका वेळी तो किती जणांना शिकवणार आणि दर तासाचा की दिवसाचा, हे तीन प्रश्न पैसे देण्याआधी विचारा.

स्कीवर माणूस रुतत का नाही, हे छोट्या हिशेबाने कळतं. साठ किलोचा माणूस साध्या बुटांत उभा आहे. दोन्ही तळव्यांचं क्षेत्रफळ मिळून समजा 500 चौरस सेंटिमीटर. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 120 ग्रॅम भार. आता त्याच्या पायाला दीड मीटर लांब आणि आठ सेंटिमीटर रुंद स्की बांधा. दोन्हींचं क्षेत्रफळ 2,400 चौरस सेंटिमीटर, आणि भार 25 ग्रॅम. जवळजवळ पाचपट कमी. ताज्या बर्फात गुडघ्यापर्यंत बुडणारा माणूस म्हणून वर राहतो. घसरण्याचं काम बर्फाच्या पृष्ठभागावरचा पाण्याचा अतिसूक्ष्म थर करतो, आणि घर्षणाने निर्माण होणारी ऊब त्यात भर घालते.

पहिल्या दिवशी खरी कसोटी बुटांची. स्कीचे बूट कडक असतात आणि नवख्याला ते नेहमी लहान वाटतात. म्हणून तो एक नंबर मोठे मागतो, आणि मग आत पाय हलत राहतो, टाच उचलली जाते, स्की ऐकत नाही. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत आणि गुडघे वाकवले की ती मागे सरकावीत, हे योग्य माप. मोजे एकच जोडी. दोन जोड्या घातल्या तर पाय दाबला जातो, रक्त कमी पोचतं आणि पाय जास्त गार पडतो. ‘थंडी आहे, दोन घाल’ हा आईचा हुकूम इथे मोडावा लागतो. स्कीची लांबी शिकणाऱ्यासाठी हनुवटीपर्यंत पुरे. हेल्मेट मात्र मागून घ्या. दुकानदार आपणहून देईलच असं नाही.

मग सपाटीवर चालणं, बाजूने पायऱ्यासारखं चढणं, पडणं आणि उठणं. पडायचं ते बाजूला, कमरेवर, हात टेकवायचा नाही. उठताना स्की उताराला आडव्या करायच्या, नाहीतर अर्धवट उठताच पुन्हा घसरगुंडी सुरू. दुपारनंतर थांबणं येतं : स्कीची टोकं जवळ, मागची बाजू फाकलेली. मुलांना प्रशिक्षक ‘पिझ्झा कर’ म्हणून सांगतात आणि मुलांना ते लगेच कळतं. मोठ्यांना वेळ लागतो, कारण मोठी माणसं घाबरली की मागे झुकतात आणि मागे झुकलं की स्की पळतात.

दुसऱ्या दिवशी वळणं. पिझ्झ्याच्या आकारात असताना डाव्या पायावर भार टाकला की माणूस उजवीकडे वळतो. हे उलटं वाटतं, पण दलवर शिकारा वल्हवताना बघितला असेल तर आठवेल : डावीकडे वल्हं मारलं की नाव उजवीकडे जाते. तिसऱ्या दिवशी कुठे मजा सुरू होते. छोट्या ओढलिफ्टने वर जायचं, वळणं घेत खाली यायचं, पुन्हा वर. म्हणून माझा हट्ट तीन दिवसांचा आहे. एका दिवसाच्या सहलीत तासाभरासाठी स्की बांधून जे होतं, त्यातून फक्त एक फोटो निघतो.

मुलांना पाच-सहा वर्षांपासून शिकवता येतं. रोज अडीच-तीन तासांपेक्षा जास्त नको. बर्फावरून सूर्याची अतिनील किरणं मोठ्या प्रमाणात परत उसळतात, ताज्या बर्फावरून तर ऐंशी टक्क्यांपर्यंत. त्यामुळे ढगाळ दिवशीही गॉगल आणि सनस्क्रीन लागतं, हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडेलासुद्धा. आतला बनियन सुती नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि अंग गार करतं.

गोंडोलाबद्दल एक सूचना. पहिला टप्पा गुलमर्गहून कोंगडोरीला, सुमारे 3,100 मीटरपर्यंत जातो, दुसरा अफरवटला. तिकिटं ऑनलाइन आधीच काढावी लागतात आणि गर्दीच्या दिवसांत लवकर संपतात. वाऱ्यामुळे दुसरा टप्पा बंद राहणं नेहमीचं आहे. अफरवटला जाऊन बघा, समोरचं दृश्य डोळ्यांत साठवा आणि गोंडोलानेच खाली या. तिथले उतार मोकळे, अनेक ठिकाणी आखलेल्या मार्गांबाहेरचे आहेत. 2023 च्या फेब्रुवारीत तिथे हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू दगावले, आणि ते नवशिके नव्हते.

४. बर्फाने घडवलेलं शहर

आता खाली उतरू. किंवा आपल्या क्रमानुसार, सुरुवातीच्या दोन दिवसांकडे परत येऊ.

हिवाळ्यात शालिमार आणि निशातला जाऊ नका असं मी म्हणणार नाही, पण जाऊन निराश व्हाल. चिनार उघडे, कारंजी बंद, वाफे मातीचे. मुघलांनी त्या बागा उन्हाळ्यासाठी बांधल्या. हिवाळ्यातलं श्रीनगर बघायचं ते झेलमच्या दोन्ही काठांवरच्या जुन्या शहरात, शहर-ए-खासमध्ये. नदीवरचे पूल म्हणजे कदल. अमीरा कदल, हब्बा कदल, फतेह कदल, जैना कदल, आली कदल, नवा कदल, सफा कदल हे जुने सात. वस्त्यांनाही हीच नावं आहेत, त्यामुळे रिक्षावाल्याला पत्ता सांगताना हीच वापरायची.

जैना कदलजवळच्या खानकाह-ए-मौलापासून सुरुवात करा. सूफी संत मीर सय्यद अली हमदानी यांच्या स्मरणार्थ सुलतान सिकंदरने ही वास्तू 1395 च्या सुमारास उभारली. आज दिसते ती अठराव्या शतकातली पुनर्बांधणी. मुलांना एकच प्रश्न विचारा : मशिदीला घुमट का नाही? वर चढत जाणारं उतरतं छप्पर आणि टोकाला शिखर, हा आकार खोऱ्यातल्या लाकडी बांधणीचा आहे. बर्फ छपरावर साचून बसला तर त्याचं वजन इमारत मोडू शकतं. उतरत्या छपरावरून तो घसरून जातो. आतल्या छतावर आणि भिंतींवर पेपर माशेची नक्षी आहे. मुख्य दालनात जाण्याचे नियम आहेत, ते दारावर विचारा. बाहेरून दिसतं तेवढंही पुष्कळ आहे.

जुन्या घरांच्या छपरांची रचना याहून मजेदार होती. लाकडी फळ्यांवर भूर्जवृक्षाच्या सालीचे थर, त्यावर माती, मातीत गवत. साल पाणी आत येऊ देत नाही, माती ऊब धरते, गवताची मुळं मातीला धरतात. वसंतात या छपरांवर फुलं उगवायची. आपण भूर्जपत्र ऐकतो ते पोथ्यांच्या संदर्भात. काश्मीरमध्ये त्याच सालीखाली माणसं झोपत होती. आता बहुतेक ठिकाणी पत्रा आला आहे.

भिंतींकडेही बघा. दोन पद्धती दिसतील. एकीत विटांच्या जाड भिंतीत ठराविक अंतरावर आडवी लाकडं घातलेली. तिला ताक म्हणतात. दुसरीत लाकडाच्या चौकटी आणि तिरप्या पट्ट्या करून मधल्या जागा विटांनी किंवा दगडमातीने भरलेल्या. ती धज्जी देवारी. लाकूड भिंतीला थोडं हलू देतं, म्हणून भूकंपात ती एकदम कोसळत नाही. काश्मीर भूकंपाच्या पट्ट्यात आहे, आणि 2005 च्या मोठ्या भूकंपानंतर या जुन्या पद्धतींकडे अभियंत्यांचं लक्ष नव्याने गेलं.

जामिया मशीद जवळच, नौहट्ट्यात. सिकंदरने 1394 मध्ये काम सुरू केलं, 1402 मध्ये ते पुरं झालं. आत पावणेचारशेच्या आसपास देवदाराचे खांब आहेत, प्रत्येक खांब एका झाडाचं खोड. मुलांना मोजायला लावा, मध्येच हरतील. मोठ्यांनी हे लक्षात घ्यावं की एवढ्या लाकडाची किंमत शहराने पुन्हापुन्हा मोजली आहे. ही मशीद 1479, 1620 आणि 1674 मध्ये आगीत जळाली. खानकाहच्या शिखराला 2017 मध्ये आग लागली. गुलमर्गच्या टेकडीवरचं डोग्रा राजघराण्याचं 1915 सालचं शिवमंदिर, ‘आप की कसम’ या 1974 च्या चित्रपटामुळे देशभर ओळखीचं झालेलं, ते 2024 च्या जूनमध्ये जळालं. थंडीत लाकडाचं घर ऊबदार असतं, आणि थंडीतच घरोघर विस्तव असतो. काश्मीरच्या स्थापत्याचा इतिहास बराचसा या दोन गोष्टींतून झाला आहे.

शुक्रवारी दुपारी जामियाकडे जाऊ नका. नमाजाची गर्दी असते आणि रस्ते कधी बंद असतात. जैना कदलजवळच विटांच्या घुमटांची एक वास्तू आहे, सुलतान जैन-उल-आबिदिनच्या आईची कबर. तिचा पाया त्याआधीच्या मंदिराचा आहे. लाकडी शहरात हे वीटकाम एकदम परकं दिसतं, आणि तसं ते आहेच. घुमटांची ही पद्धत मध्य आशियातून आली.

हरी पर्बतसाठी अर्धा दिवस ठेवा. टेकडीभोवतीची तटबंदी अकबराच्या काळातली, माथ्यावरचा किल्ला अफगाण सुभेदाराने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला. उतारांवर शारिका देवीचं मंदिर आहे, मखदूम साहिबांचा दर्गा आहे आणि काठी दरवाजापाशी छठी पातशाही गुरुद्वारा आहे. एका टेकडीला फेरी मारली की काश्मीरच्या इतिहासाचे अर्धे धागे हाताला लागतात. मखदूम साहिबला रोपवे आहे, त्यामुळे आजींचे गुडघे वाचतात.

बर्फ पडत असेल आणि बाहेर पाऊल टाकवत नसेल, तर लाल मंडीतलं श्री प्रताप सिंग संग्रहालय. 1898 पासूनचं आहे. शिल्पं, नाणी, शाली, पेपर माशे, सगळं एका छताखाली.

५. थंडीचं जेवण

हिवाळ्यात रस्ते बंद व्हायचे आणि खोऱ्यात भाजी मिळायची नाही, म्हणून उन्हाळ्यात वांगी, दुधी, टोमॅटो, सलगम कापून, दोऱ्यांत ओवून वाळवायची पद्धत पडली. वाळवणाच्या भाज्यांना होख स्युन म्हणतात. उन्हाळ्यात गच्चीवर सांडगे-पापड घालणाऱ्या घरांना हे समजावून सांगायची गरज नाही. श्रीनगरच्या बाजारात हिवाळ्यात या माळा लटकलेल्या दिसतात, आणि शाकाहारी माणसाने तिथल्या खानावळीत त्याच मागाव्यात. त्याशिवाय नदरू म्हणजे कमळकाकडी, हाक हा पालेभाजीचा पातळ रस्सा, राजमा. ‘काश्मीरमध्ये शाकाहाऱ्याची पंचाईत होते’ हे खरं नाही. पंचाईत होते ती पनीर बटर मसाला शोधणाऱ्याची.

मांसाहारी असाल तर आली कदलच्या बाजूला पहाटे हरिसाची दुकानं गाठा. मटण आणि तांदूळ रात्रभर जमिनीतल्या मोठ्या मडक्यात शिजवून, घोटून केलेला हा पदार्थ फक्त थंडीत मिळतो, आणि उशिरा जाणाऱ्याला मिळत नाही. वर कडकडीत तेल ओततात. सोबत कांदुरकडची, म्हणजे तिथल्या रोटीवाल्याकडची, गरम रोटी. नून चाय खारट आणि गुलाबी असते. पहिल्या घोटाला तोंड वाकडं होईल, तिसऱ्या दिवशी मागवाल.

फेरन म्हणजे लांब सैल झगा आणि त्याच्या आत धरलेली कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचं मडकं, बघून मुलांना तीच हवी होते. हातात घेऊन बघू द्या, पण फेरनच्या आत नको. सवय नसलेल्याला भाजतं. आणि बंद खोलीत गॅसचा हीटर किंवा कोळसा पेटता ठेवून कधीही झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि काश्मीरमध्ये दर हिवाळ्यात त्याने माणसं जातात. निजताना हीटर बंद, खिडकी बोटभर उघडी.

६. आठ दिवस कसे बसतात

समजा नवरा-बायको, दहा आणि सात वर्षांची दोन मुलं आणि एक आजी आहेत. पहिला दिवस विमान, हॉटेल, लाल चौकापर्यंत फिरणं. दुसरा दिवस खानकाह, जामिया, बाजार. तिसऱ्या दिवशी सकाळी उशिरा गुलमर्गकडे. अंतर पन्नासेक किलोमीटर आहे, पण तंगमर्गनंतरचे शेवटचे तेरा किलोमीटर चढाचे, आणि बर्फ असेल तर साखळ्या बांधलेल्या किंवा चारही चाकांना जोर असलेल्या गाड्यांनाच वर सोडतात. त्यामुळे तंगमर्गला गाडी बदलण्याची तयारी आणि तास-दीड तासाची सवड ठेवा. संध्याकाळी बूट आणि स्की बघून ठेवा, म्हणजे सकाळ दुकानात जात नाही. चौथा, पाचवा, सहावा दिवस सकाळी स्की. या तिन्हींपैकी ज्या दिवशी आकाश स्वच्छ असेल त्या दुपारी गोंडोला. सातव्या दिवशी खाली, हरी पर्बत. आठवा परतीचा.

आजींनी तीन दिवस काय करायचं? बहुतेक कुटुंबं हा प्रश्न विचारत नाहीत आणि आजी खोलीत बसतात. गोंडोलाचा कोंगडोरीपर्यंतचा पहिला टप्पा त्यांना बहुधा झेपतो. खाली गुलमर्गमध्येच सेंट मेरी चर्च आहे, 1902 चं. स्लेजमध्ये बसवून फिरवणारे जागोजागी भेटतील. माणसाने माणसाला ओढत नेणं मला पटत नाही, पण तो त्यांचा हिवाळ्याचा रोजगार आहे हेही खरं. बसायचंच असेल तर भाडं आणि अंतर आधी ठरवा आणि ठरलेलं पूर्ण द्या.

सातवा दिवस कापायचा मोह होईल. कापू नका. बर्फाचं वादळ आलं तर गुलमर्गहून उतरायला एखादा दिवस लागतो आणि हा दिवस तेव्हा कामाला येतो. वादळ नाही आलं, तर शहराला आणखी एक दिवस मिळतो.

७. निघण्याआधी

बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमं जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. घरात निदान दोघांकडे पोस्टपेड असू द्या. 22 एप्रिल 2025 च्या पहलगाम हल्ल्यानंतर खोऱ्यातली बरीच पर्यटनस्थळं बंद केली गेली आणि नंतर टप्प्याटप्प्याने उघडली, म्हणून आपल्या यादीतली ठिकाणं खुली आहेत का हे जम्मू-काश्मीर पर्यटन विभागाकडून ताजं विचारून घ्या, कोणाच्या जुन्या अनुभवावर जाऊ नका.

विमानं रद्द झाली तर आता रेल्वेचाही रस्ता आहे. 2025 च्या जूनपासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत धावते, चिनाब नदीवरच्या 359 मीटर उंच पुलावरून. परतीचं विमान मात्र सकाळचं घेऊ नका. हिवाळ्यात सकाळी दृश्यमानता कमी असते आणि पहिली विमानंच लटकतात. दुपारचं घ्या, आणि श्रीनगर विमानतळावर तीन तास आधी पोचा, कारण तिथे सामानाची पहिली तपासणी इमारतीच्या बरीच आधी, रस्त्यावरच्या नाक्यावर गाडी थांबवून होते.